आधी थांबायचं बटण



दसरा झाला की आमच्या कासारवाडीत बोनसची बोलणी सुरू होतात. कुणाचा किती सुटला, कुणाचा अजून अडकलाय, आणि त्यातून यंदा घरात काय येणार. पूर्वी या पैशांतून मिक्सर यायचा, कपाट यायचं, फार तर टीव्ही. आता मागणी मुलांकडून येते. नाशिक फाट्याला मेट्रोचा जिना उतरताना, गिरणीत दळण टाकताना, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी मला गाठतं आणि विचारतं, "सर, पोरगा प्लेस्टेशनसाठी हटून बसलाय. घेऊ का? आणि घ्यायचंच तर कुठलं चांगलं?"

मी आयटीआयमध्ये मशिनिस्ट ट्रेडचा निदेशक आहे. मशीन कळतं म्हणजे हेही कळत असेल, असं लोक धरून चालतात. पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे, पण ते घरात पुष्कळ चुका करून मिळालेलं आहे आणि जिन्यात उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही. म्हणून हे सगळं सावकाश लिहितो आहे.

सुरुवात माझ्या वर्कशॉपपासून करतो. नवी बॅच आली की पहिल्या दिवशी मी कुणालाही मशीन चालू करायला शिकवत नाही. आधी लाल बटण शोधायला लावतो. पिवळ्या पट्टीवरचं, छत्रीसारखं, तळहाताने दाबता येईल असं. प्रत्येकाने पुढे यायचं, ते दाबायचं, पिळून परत सोडवायचं. मशीन किती वेगाने फिरतं, किती मायक्रॉनमध्ये काम देतं, हे सगळं नंतर. जे मशीन हाक मारल्यावर थांबत नाही, ते कितीही भारी असलं तरी त्यावर मी मुलाला उभा करणार नाही. भोसरीत, चाकणला, पिंपरीत शॉपफ्लोअरवर काम करणाऱ्या तुमच्यापैकी कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

आणि तरीही स्वतःच्या घरात मी हे विसरलो.

2020 चं साल. शाळा मोबाइलवर आली आणि तेरा वर्षांच्या धाकट्याच्या हातात मीच नवा मोबाइल दिला. अभ्यासासाठीच दिला होता. तास संपले की त्यात गेम चालू व्हायचा, शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी एक उरतो तसा. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड. पाण्याच्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला काम ठरलेलं असतं. त्याचं काम नळीचं टोक धरून एका पिंपातून दुसऱ्या पिंपात टाकायचं. एका सकाळी मंडळींनी, म्हणजे त्याच्या आईने, आतून तीन हाका मारल्या. हा पलंगावर मांडी घालून बसलेला, मान खाली. "आलो, आलो. मॅच चालू आहे. पॉज होत नाही." पिंप भरून वाहिलं, पाणी मोरीतून स्वयंपाकघरात आलं, खाली ठेवलेली तांदळाची गोणी भिजली. मी रात्रपाळी असल्यासारखा लाल डोळ्यांनी उठलो, त्याच्या हातातला मोबाइल हिसकला आणि भिंतीवर मारला.

मुलगा रडला नाही. एवढंच म्हणाला, "बाबा, खरंच पॉज होत नाही."

पुढचे दोन दिवस ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण तो खरं बोलत होता. त्या खेळात बाकीचे नव्व्याण्णव जण आपापल्या घरी बसून खेळत असतात. एकासाठी सगळे थांबू शकत नाहीत. मधेच उठलं तर आपल्या टोळीतले तीन मित्र हरतात आणि दुसऱ्या दिवशी बोल लावतात. ज्याला थांबायचं बटणच नाही असं मशीन मी मुलाच्या हातात दिलं होतं, आणि थांबत नाही म्हणून त्यालाच झोडपत होतो. वर्कशॉपमध्ये एखाद्या सुपरवायझरने असं केलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

मग मला आमच्या लेकीचा टीव्ही गेम आठवला. 2004 च्या दिवाळीत पिंपरी कॅम्पातून आणलेला. जपानच्या निंटेंडो कंपनीने 1983 मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं. त्याच्या नकला आपल्याकडे वर्षानुवर्षं विकल्या गेल्या, त्यातलाच हा. पिवळी कॅसेट, वर '9999 इन 1' लिहिलेलं आणि आत फिरून फिरून तेच वीसेक खेळ. चित्र येईना की कॅसेट काढून फुंकर मारायची. लेक सहा वर्षांची होती. ती मारिओ खेळत असायची आणि आई म्हणायची, "जा गं, कोपऱ्यावरून कोथिंबीर आण." लेक मधलं 'स्टार्ट'चं बटण दाबायची. मारिओ उडी मारता मारता हवेतच थांबायचा. ही जिना उतरून कोथिंबीर घेऊन यायची, निवडायला बसायची, तरी मारिओ आपला अधांतरी. पुन्हा बटण दाबलं की उडी पुरी व्हायची. त्या दोनशे-चारशे रुपयांच्या डब्याने आमच्या घरात कधी भांडण लावलं नाही. त्याची थोरवी त्या बटणात होती, हे मला सोळा वर्षांनी कळलं.

तेव्हापासून खेळाचं कुठलंही यंत्र मी आधी एकाच प्रश्नाने जोखतो. थांबतं कसं?

आता घरातला कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं खेळयंत्र, मोबाइलपेक्षा बरा का, हा तुमचा पुढचा प्रश्न. माझं उत्तर आहे, हो. निंटेंडोच्या स्विचसारखं हातातही धरता येणारं यंत्र सोडलं, तर तो टीव्हीला बांधलेला असतो. पांघरुणात जात नाही, शाळेच्या बसमध्ये जात नाही, संडासात जात नाही. मूल काय खेळतंय हे भाजी चिरता चिरता दिसतं. आणि कन्सोलवरचे बरेचसे चांगले खेळ एकट्याने किंवा घरातल्या घरात खेळायचे असतात, त्यामुळे ते थांबतात. आताच्या यंत्रांमध्ये ही सोय आणखी पुढे गेली आहे. प्लेस्टेशन 5 झोपवता येतो आणि उठवला की खेळ होता तिथेच सापडतो. एक्सबॉक्सच्या एस आणि एक्स या यंत्रांत तर एकाहून जास्त खेळ असे अर्ध्यावर ठेवून परत उघडता येतात. निंटेंडोचा स्विच एका बटणाने झोपतो. लाइट गेली तर मात्र काही यंत्रांत हे झोपवलेलं हातचं जाऊ शकतं, म्हणून उठण्याआधी खेळ जतन करायची सवय मुलाला लावा. ऑनलाइन मॅच कन्सोलवरही थांबत नाही. म्हणून आमच्याकडे असा खेळ शाळा नसलेल्या दिवशीच, आणि पाण्याची वेळ टळल्यावर.

सगळ्यात नवा, सगळ्यात महाग असाच घ्यावा लागतो का? इथे मला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे, कारण तो आपल्यातला होता. निंटेंडो 1889 मध्ये क्योतो शहरात पत्ते बनवण्यापासून सुरू झाली. 1965 मध्ये तिथे गुनपेई योकोई नावाचा तरुण लागला, तो मेंटेनन्सला. पत्ते तयार करणाऱ्या मशिनांची देखभाल हे त्याचं काम. फावल्या वेळात त्याने लांब होणारा, चिमट्यासारखा एक हात बनवला. तो मालकाच्या नजरेस पडला आणि 1966 मध्ये खेळणं म्हणून बाजारात आला. पुढे 1982 मध्ये याच योकोईने हातात धरायच्या एका खेळासाठी अधिकच्या चिन्हासारखं बटण काढलं. आज तुमच्या मुलाच्या कंट्रोलरवर डावीकडे ते बटण आहे. बघा, सापडेल.

योकोईचं म्हणणं असं, की तंत्र जुनं, स्वस्त झालेलं, खात्रीचं घ्यावं आणि डोकं त्यातून नवा खेळ काढण्यात चालवावं. 1989 मध्ये त्याच्या हाताखाली गेम बॉय तयार झाला. पडदा काळपट हिरवा, रंग नाही. त्याच सुमाराला दुसऱ्या कंपन्यांचे रंगीत पडदे आले, पण ते सेल खाऊन टाकायचे. गेम बॉय चार छोट्या सेलवर कितीतरी तास चालायचा. त्याच्या साध्या आणि नंतरच्या रंगीत आवृत्त्या मिळून अकरा कोटींहून अधिक खपल्या. मशिनी दुरुस्त करणाऱ्या माणसाला ठाऊक होतं, की घरात टिकतं ते मशीन चांगलं.

हेच धरून आम्ही 2022 मध्ये ओळखीतून वापरलेला प्लेस्टेशन 4 घेतला. प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला आला तेव्हा त्याची किंमत 49,990 रुपये होती आणि त्यावरचे नवे मोठे खेळ 4,999 रुपयांना एक. यंत्राचा खर्च एकदाच होतो, खेळांचा होत राहतो. यंत्राला तबकडीची खाच आहे का, हे म्हणूनच नीट बघा. तबकडी मित्राला देता येते, बदलून घेता येते, अर्ध्या किमतीत विकता येते. बिनखाचेचं यंत्र थोडं स्वस्त पडतं, पण त्यात विकत घेतलेला खेळ तुमच्या खात्यातून बाहेर निघत नाही. स्विच घ्यायचा मनात असेल तर एक लक्षात ठेवा. निंटेंडो आपल्याकडे स्वतः विक्री करत नाही, दुकानात दिसतो तो बाहेरून आणलेला असतो. बिघडला तर दाद कुठे मागायची, हे आधीच विचारून घ्या.

पैशांचा दुसरा झरा जास्त धोक्याचा. काही खेळांत बंद पेट्या विकतात. आत काय निघेल ते उघडल्यावर कळतं. हवा तो खेळाडू निघाला नाही की मूल दुसरी घेतं. बेल्जियमच्या जुगार नियामकांनी 2018 मध्ये अशा काही पेट्या जुगारातच मोडतात असं ठरवलं. आपल्या संसदेनेही ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. या पेट्या मात्र नेहमीच्या खेळात लपलेल्या असतात, त्यांच्यावर लक्ष आपल्यालाच ठेवावं लागतं. कन्सोलमध्ये आपलं कार्ड कायमचं भरून ठेवू नका. मुलाचं खातं त्याच्या खऱ्या वयाचं काढा आणि त्यातून त्याला स्वतःहून खरेदी करता येणार नाही असं करून ठेवा. तिन्ही यंत्रांत ही सोय आहे.

खोक्यावरचा आकडाही वाचा. युरोपच्या पेगी या पद्धतीत 3, 7, 12, 16, 18 असे आकडे असतात, अमेरिकेच्या पद्धतीत अक्षरं. बाजारातल्या बऱ्याच खोक्यांवर यातलं एखादं चिन्ह दिसतं. सातवी-आठवीतली किती मुलं मला बेधडक सांगतात, की ती जीटीए खेळतात. त्या खोक्यावर 18 लिहिलेलं आहे. सिनेमाला 'ए' सर्टिफिकेट असेल तर आपण मुलाला नेतो का?

आता जागेबद्दल. आपली घरं लहान, वन बीएचके. वडिलांची तिसरी पाळी असेल तर दिवसा कुणीतरी झोपलेलं असतं. तरीही कन्सोल हॉलमध्येच ठेवा, आतल्या खोलीत नको. आवाजाला हेडफोन आहे. शोकेसच्या बंद कप्प्यात तो कोंडू नका, यंत्र तापतं, मागे-बाजूला चार बोटं जागा हवी. विजेची काळजी असेल तर प्लेस्टेशन 5 खेळताना साधारण 200 वॉट ओढतो, म्हणजे पाच तासांना एक युनिट.

आणि दुसरा कंट्रोलर घ्याच. पहिल्याच दिवशी घ्या, पैसे नसतील तर एक खेळ कमी घ्या. दुकानदाराला विचारा, "एका टीव्हीवर दोघांना खेळता येईल असं काय आहे?" आमच्याकडे 'ओव्हरकुक्ड' नावाचा 2016 चा खेळ आला. स्वयंपाकघर असतं, गिऱ्हाइकाची ऑर्डर येते. चिरायचं, शिजवायचं, ताट लावायचं, भांडी घासायची, सगळं वेळेत. मुलगा आणि मी दहा मिनिटांत दोनदा भांडं जाळून बसलो. मंडळी पोळ्या लाटता लाटता बघत होत्या. हात धुऊन आल्या, माझ्या हातातला कंट्रोलर घेतला आणि म्हणाल्या, "तू फक्त चिरायचं. गॅस मी बघते. आणि ताटं आधी घासून ठेव, मग पळापळ होत नाही." तिसऱ्या खेपेला त्यांनी तो टप्पा पार केला. आईला असं काही येतं, हे मुलाच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. त्यानंतर ती हाक मारते तेव्हा तो एका आवाजात उठतो.

त्या दिवाळीत लेक आली तेव्हा तिने 'राजी' आणला. हा खेळ आपल्या पुण्यात तयार झाला आहे, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने केलेला. 2020 मध्ये तो जगभर कन्सोलवर आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या उत्तम खेळांच्या नामांकनात होता. राजी नावाची मुलगी, राक्षसांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, आणि दुर्गेने दिलेलं त्रिशूळ. लेक खेळत होती आणि आमचा गोलू शेजारी बसून वाट सुचवत होता. खेळ पुण्याचा आहे हे कळल्यावर तो मला म्हणाला, "म्हणजे हे काम इथे मिळतं?" दहावीच्या वर्षात त्याने विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न. आता तो थ्रीडी ड्रॉइंग शिकतो आहे. पुढे काय करेल माहीत नाही, पण खेळ कुणीतरी बसून घडवतं, हे त्याला कळलं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, आणि तेही वर्कशॉपमधलंच. सीएनसी मशीनवर थांबायची दोन बटणं असतात. एक इमर्जन्सी. ते दाबलं की सगळं जागच्या जागी मरतं. टूल जॉबमध्ये रुतलेलं असेल तर टिप तुटते, जॉब वाया जातो. दुसरं फीड होल्ड. ते दाबलं की टूल पुढे सरकायचं थांबतं, स्पिंडल फिरत राहतो, काही मोडत नाही. सायकल स्टार्ट दाबलं की काम होतं तिथून पुढे. इमर्जन्सी हात अडकला तर, आग लागली तर. रोजचं थांबणं फीड होल्डने.

आपण पालक मात्र घरात रोज इमर्जन्सी दाबतो. वायर उपटतो, वायफाय बंद करतो, मोबाइल भिंतीवर मारतो. मूल काही घडवत असतं, त्याची टिप तुटते. मग ते चवताळतं आणि आपण म्हणतो, व्यसन लागलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत, खेळण्याचा विकार नोंदलेला आहे. त्याच्या खुणांमध्ये पहिली आहे ताबा सुटणं, म्हणजे कधी सुरू करायचं आणि कधी थांबायचं हे हातात न उरणं. दुसरी, बाकी सगळ्याआधी खेळ. तिसरी, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. हे साधारण वर्षभर चालू असेल आणि शाळा, झोप, घर विस्कटत असेल, तर डॉक्टरांकडे जा, लाजू नका. पण बहुतेक मुलांना थांबणं कुणी शिकवलेलंच नसतं. सायकल चालवण्यासारखं तेही शिकवावं लागतं.

आम्ही कसं शिकवलं ते सांगतो. घड्याळ लावणं सोडून दिलं. "अर्धा तास" म्हटलं की तिसाव्या मिनिटाला तो नेमका खेळाच्या मध्यावर असतो. त्याऐवजी विचारतो, "हा टप्पा कुठे संपतो?" दोन टप्पे किंवा दोन फुटबॉल मॅच, असं बोलून ठरतं. संपायच्या थोडं आधी एकदा सांगायचं, एकदाच. यंत्रातल्या पालकांच्या सोयीतही हा फरक आहे. निंटेंडोच्या ॲपमध्ये वेळ झाल्यावर नुसती सूचना द्यायची की खेळच बंद पाडायचा, हे आपण निवडू शकतो. सूचना निवडा. आणि उठताना पाळी बदलतो तसं करायचं. मशीन पुसून, टूल जागेवर ठेवून आपण पुढच्या माणसाच्या हवाली करतो ना? त्याने कंट्रोलर चार्जिंगला लावायचा, वर फडकं टाकायचं आणि आईला सांगायचं, "झालं." पहिले दोन महिने कुरबुर झाली. एकदा मी पुन्हा वायर ओढली, आणि त्या रात्री त्याच्याजवळ जाऊन चूक कबूल केली. तिसऱ्या महिन्यापासून "झालं" हा शब्द आपोआप यायला लागला.

तेव्हा बोनस झाला की जरूर दुकानात जा, मुलाला बरोबर घेऊन जा. दुकानदार ग्राफिक्स दाखवेल, जीबी सांगेल. ऐकून घ्या. मग एक खेळ लावायला सांगा, मुलाला दोन मिनिटं रंगू द्या आणि त्याला हाक मारा. तो खेळ कसा थांबवतो, ते बटण कुठे आहे, परत चालू कसा होतो, हे त्यालाच तुम्हाला दाखवू द्या. घरी न्यायच्या आधी तेवढं दोघांनी शिकून घ्या.

काल आमच्याकडे पाण्याचा दिवस होता. पहाटे आतून हाक आली. हॉलमध्ये टीव्हीवर एक घोडेस्वार टाच मारता मारता थबकला होता, पडद्याचा उजेड भिंतीवर पडला होता, आणि समोरची खुर्ची रिकामी होती. मोरीत नळीच्या टोकाशी मुलगा उभा होता.